मुकादमाची जागा

मुकादम चावला की कात्रीला आधी राग यायचा आणि मग हसू. राग अशासाठी, की ज्याचं खाणं, पाणी, साफसफाई सगळं आपण बघायचं, त्यानेच आपल्या बोटाला डसावं. आणि हसू अशासाठी, की हा डसणारा होता तरी केवढा? करंगळीएवढा. अंगावर काळे-पांढरे पट्टे, डोळे मण्यासारखे, आणि तोरा असा की ती काचेची टाकी जणू याच्या बापाने बांधून ठेवली होती. टाकीत हात गेला रे गेला, की हा पठ्ठ्या कल्ले फुगवून, पंख ताठ करून कोपऱ्यातल्या मातीच्या कुंडीतून बाहेर यायचा आणि दोन बोटांच्या बेचक्यात, नेमकं कातडं पातळ असतं तिथे, तोंड मारायचा. रक्त निघेल इतकं नाही, सुई टोचावी इतकंच. कात्रीचा सगळा जन्म सुया टोचून घेण्यात गेलेला. पण सुई काही मुद्दाम टोचत नाही. हा मुद्दाम चावायचा, त्याचं तिला वाईट वाटायचं.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती घरी बसून पडदे शिवायची, उशांचे अभ्रे शिवायची, लोकांच्या जुन्या कपड्यांची उसवण-दुरुस्ती करायची, आणि तिची जीभही तिच्या हातातल्या कात्रीच्या तोडीची होती. म्हणून लग्न झाल्या झाल्याच नवऱ्याने तिचं हे नाव पाडलं. नवरा लाकूडकामातला. अख्खी इमारत त्यांना मिस्त्री म्हणायची, आणि चारचौघांत तीही मिस्त्रीच म्हणायची, एरवी ‘अहो’. ती बाजारातून परत आली, जिन्यात तिच्या चपला वाजल्या, की हातातल्या कामावरून मान वर न करता मिस्त्री विचारायचे, ‘आली का कात्री?’ ती म्हणायची, ‘नाही, अजून यायचीय.’ सगळ्या संसारभर हाच प्रश्न आणि हेच उत्तर. दोघांनाही त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मुकादमाला घरात आणलं ते मिस्त्रींनीच. काम सोडल्यावर हातांना चैन पडेना, तेव्हा त्यांनी टाकी ठेवायला म्हणून एक सागवानी स्टँड केला, आणि स्टँड असा काही देखणा झाला की आता टाकी आणणं भाग पडलं. उलटा कारभार. टाकीत आधी लाल रंगाचे, गरीब स्वभावाचे मासे होते. हा पट्टेवाला मागाहून आला आणि एकेकाच्या शेपट्या कुरतडून त्याने सगळ्यांचा निकाल लावला. मिस्त्री म्हणाले, आमच्या कामावर असाच एक मुकादम होता, स्वतः काडी उचलायचा नाही आणि दिवसभर दुसऱ्यांवर गुरकावायचा. तेच नाव चिकटलं. मिस्त्रींनी हात घातला तरी मुकादम चावायचाच, पण मिस्त्रींच्या हाताला घट्टे, त्यांना गुदगुल्याच व्हायच्या. ते मुद्दाम बोट नाचवून त्याला चिडवत बसायचे आणि कात्री मशीनवरून ओरडायची की दोघांत लहान कोण तेच मला कळेनासं झालंय.

मग मिस्त्री विसरायला लागले. सुरुवातीला शब्द, मग माणसं, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हा आजार पुढेच जातो, मागे येत नाही. कात्रीने ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन भाजी चिरायला बसली. टाकीचं काम तिच्या अंगावर आलं, मिस्त्रींचंही आलं, आणि या दोन कामांत फार फरक नाही हे तिच्या हळूहळू लक्षात यायला लागलं.

कारण मिस्त्री तिला मारायला लागले होते. ज्या माणसाने जन्मात तिच्यावर हात उगारला नाही, चढा आवाजसुद्धा काढला नाही, तो माणूस. ती समोर बसली, तोंडाकडे बघून बोलली, की छान हसायचे. पण आंघोळीच्या वेळी बनियन डोक्यावरून काढायला गेली, नखं कापायला हात धरला, पाठ चोळायला मागून गेली, की डोळे फिरायचे आणि हात यायचा. हात कसला, रंधा मारून मारून तयार झालेला हात तो. एकदा कोपर तिच्या डोळ्याखाली बसलं आणि तिथे जांभळा डाग उमटला.

रविवारी लेक आली. एकुलती एक, सरळ बोलणारी, आईचीच जीभ घेऊन आलेली. डाग बघून तिने विचारलं, तर कात्रीने सांगून टाकलं की कपाटाचं दार लागलं.

लेक म्हणाली, ‘बाबांनी केलेल्या कपाटाचं दार आजवर कधी कुणाला लागलंय?’

लेकीने आईच्या बाह्या वर केल्या, दंडावरचे वळ पाहिले आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘आई, आणखी एकदा जरी तुझ्या अंगावर असं काही दिसलं, तर मी बाबांना संस्थेत ठेवणार. तुला विचारणार नाही, सांगून ठेवते.’

पोरगी वाईट नव्हती. बापावर तिचा जीव होता आणि आईवरही होता, आणि दोघांना एका घरात ठेवलं तर दोघांतलं एक जाईल हे तिला दिसत होतं. तिने संस्था बघूनही ठेवली होती. स्वच्छ आहे, माणसं मायाळू आहेत, भिंती नुकत्याच रंगवल्यात. कात्री म्हणाली, भिंतींचं मला नको सांगूस. तुझे बाबा या घरात चालतात कसे, ते कधी पाहिलंस का?

आणि हे मात्र बघण्यासारखं होतं. मिस्त्री सकाळी खाटेवरून उठायचे आणि हात पुढे करायचे. हाताला कपाटाची कड लागायची. कड संपली की टेबलाचा गोल केलेला कोपरा. तिथून हात सुटला की पुढच्याच पावलाला खिडकीतल्या शिलाई मशीनचं बाजूला उघडणारं लाकडी पान. हे सगळं त्यांच्याच हातचं, प्रत्येक कड त्यांनीच पॉलिशपेपरने घासून मऊ केलेली. डोकं विसरलं होतं, पण हात विसरले नव्हते. मशीनपाशी आले की ते त्या पानावर दोनदा थोपटायचे आणि विचारायचे, ‘काय कात्री, काय चाललंय?’ ती म्हणायची, ‘तुमचंच कफन शिवतेय.’ ते खो खो हसायचे आणि परत निघायचे. दिवसभर याच फेऱ्या. बाकी जग बुडालं होतं, पण ही वाट आणि वाटेच्या टोकाला बसलेली कात्री एवढं शिल्लक होतं, आणि तिला तेवढं पुरत होतं. संस्थेत कुठली कड आणि कुठली कात्री? तिथे हा माणूस पहिल्याच दिवशी हरवणार, हे ती डोळे मिटून सांगू शकत होती.

तेव्हा आता मार चुकवायचा, आणि नाही चुकला तर लपवायचा, एवढंच तिच्या डोक्यात घोळू लागलं. लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून झाले. तोंडाचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

अशात मुकादमाचं खाणं संपलं. ती टाकीवाल्याकडे गेली. हा मासे विकायचा, टाक्या विकायचा, आणि गिऱ्हाईक समोर नसेल तर माशांशी बोलायचा. डबी हातात देताना त्याला तिच्या बोटांवरचे बारीक लाल ठिपके दिसले. तिने मग मुकादमाचा पाढा वाचला. खाऊन पिऊन माजलाय, उपकाराची जाण नाही, वगैरे.

टाकीवाला हसला. म्हणाला, ‘त्याचा तुमच्यावर राग नाही हो. तुम्ही काचेबाहेर उभ्या राहिलात की नाचत पुढे येतो ना?’

‘येतो की. शेपूट हलवत येतो.’

‘मग झालं तर. तो चेहरा त्याच्या ओळखीचा आहे. पण वरून पाण्यात जो हात येतो, तो त्याच चेहऱ्याचा आहे हे त्याला कुठून कळणार? त्याला वाटतं, घरात कुणीतरी परका शिरला.’

कात्री डबी हातात धरून तशीच उभी राहिली. मागचं गिऱ्हाईक खाकरलं तरी हलली नाही. एवढे दिवस डॉक्टर, लेक, शेजारीपाजारी कुणालाच जे धड सांगता आलं नव्हतं, ते या माणसाने माशाबद्दल बोलता बोलता सांगून टाकलं होतं. चेहरा ओळखीचा, हात परका. म्हणजे मिस्त्री तिला मारत नव्हते. घरात शिरलेल्या कुणाला तरी मारत होते. तिला इतकं बरं वाटलं की भर दुकानात डोळे भरून आले, आणि टाकीवाल्याला वाटलं की बोट जास्तच दुखतंय.

त्याने लगेच उपायही सांगितला. टाकीतले दगड, कुंडी, झाडं, सगळं उचलायचं आणि भलतीकडे मांडायचं. जागाच ओळखीची राहिली नाही तर तो भांडणार कशासाठी?

तिने घरी येऊन तसं केलं. कुंडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, दगड उजवीकडचे डावीकडे, झाड मधोमध. हाताला दोन-चार चावे बसले. सगळं हललं आणि मुकादमाचा नूरच पालटला. टाकीभर एक चक्कर मारली, कुंडी होती तिथे जाऊन घुटमळला आणि पाण्यातल्या हीटरच्या मागे जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तिने हात घातला, बोटं हलवली, अगदी त्याच्या नाकासमोर नेली. मुकादम हूं नाही की चूं नाही. त्याचे पट्टेही जरा फिके दिसत होते, पण तिला वाटलं, शहाणा झाला.

आणि इथेच कात्रीची मती फिरली. माणसाला मासा समजली, असं कुणी म्हणेल. म्हणू देत. जिच्या दंडावर वळ आहेत आणि जिचा नवरा कुठल्याही रविवारी कुणीतरी घेऊन जाणार आहे, तिने काय करायला हवं होतं, ते म्हणणाऱ्यांनी सांगावं.

लेक मिस्त्रींना तपासणीला घेऊन गेली तो दिवस तिने धरला. दोघं जिना उतरेपर्यंत थांबली आणि पदर खोचला. ते कपाट हलवायला एरवी चार माणसं लागली असती. पण कात्रीने पडद्याच्या जाड कापडाचे तुकडे घड्या घालून एकेका पायाखाली सारले आणि पाठ लावून रेटलं. कापडावरून कपाट सरकत गेलं. कपाट समोरच्या भिंतीला, टेबल दाराशी, खाट खिडकीत. मशीन ओढत ओढत आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आणलं, कारण आता दुसरीकडे जागाच उरली नव्हती. कपाट होतं तिथली फरशी नव्यासारखी निघाली. कंबर कामातून गेली होती, पण तिला आतून उकळ्या फुटत होत्या. आता बघू कोण कुणाला मारतंय, ती मोठ्याने म्हणाली, आणि घरात ऐकायला मुकादमाशिवाय कुणी नव्हतं.

दुपारी दोघं परत आली. मिस्त्री दारातून आत आले आणि नेहमीसारखा हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. हात तसाच हवेत राहिला. त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. लेक म्हणाली, आई, हे काय करून ठेवलंस? कात्री म्हणाली, हवा येत नव्हती. मिस्त्रींना तिने हाताला धरून खाटेवर बसवलं. ते बसले, अगदी कडेला, परक्याच्या घरी बसावं तसे.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना आंघोळीला नेलं. बनियनला हात घातला आणि डोळे मिटून घेतले. मार आला नाही. डोळे उघडून बघते तर मिस्त्रींनी दोन्ही हात वर केले होते, शाळेतल्या पोरासारखे. तिने पाठ चोळली, नखं कापली, दाढी केली. चकार शब्द नाही. तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारी लेकीने बाह्या वर करून बघितल्या, त्याच्याही पुढच्या रविवारी बघितल्या, आणि मग संस्थेचं नावही काढलं नाही. जाताना आईच्या गळ्यात पडून म्हणाली की तू म्हणत होतीस ते खरं, बाबांची जागा इथेच आहे.

म्हणजे कात्री जिंकली होती. फक्त तिला कुणी कात्री म्हणत नव्हतं.

हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. मार बंद झाल्याच्या आनंदात ती होती. मिस्त्री फेऱ्या मारत नव्हते, खाटेवर बसून असायचे, तिला वाटलं थकले असतील. पाणी दिलं की ‘आभारी आहे’ म्हणायचे, तिला वाटलं थट्टा करतायत. मग एकदा ती उंबऱ्यापाशी मशीनवर बसली होती, आणि मिस्त्री खिडकीकडे, जिथे आता त्यांचीच उशी होती तिथे, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘बाई, एक विचारू का? इथे मशीनवर एकजण बसायची. तुम्ही पाहिलीत का तिला?’

कात्रीचा पाय मशीनवरच थांबला. ती उठून त्यांच्यासमोर जाऊन बसली, तोंडासमोर तोंड आणून, जशी बसली की ते हसायचे. म्हणाली, अहो, असं काय करता, मीच ती, कात्री. मिस्त्री हसले. पण ते हसू बसमध्ये शेजारी बसलेल्याला देतात तसलं होतं.

ती टाकीपाशी गेली. मुकादम अजून हीटरच्याच मागे होता. पट्टे पुसल्यासारखे झाले होते आणि टाकलेलं खाणं तळाशी तसंच पडलं होतं. शहाणा वगैरे काही झाला नव्हता तो, घाबरला होता. आपलं घर कुठे गेलं, हे त्याला कळत नव्हतं. आणि हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, दिसूनही तिने त्याला शहाणपण म्हटलं होतं, कारण तिला चावून घ्यायचं नव्हतं.

त्याच दिवशी, मिस्त्रींना खुर्चीवर बसवून, तिने सगळं होतं तसं केलं. पुन्हा कापडाचे तुकडे, पुन्हा पाठ. फरशीवरच्या नव्या-जुन्या खुणा बघून कपाट सुताचाही फरक न ठेवता जागेवर आणलं. टेबल आणलं. मशीन खिडकीत नेलं. मग टाकीत हात घालून कुंडी कोपऱ्यात ठेवली, दगड रचले.

मुकादम काही दिवस बिचकत होता. मग एकदा कुंडीत शिरला. पट्टे गडद झाले. आणि एका सकाळी तिने काचेवरचं शेवाळ पुसायला हात घातला, तर कल्ले फुगवून आला आणि बेचक्यात असा डसला की ती कळवळली. तिने हात काढला नाही. चाव बाबा, म्हणाली, चाव. तो पुन्हा चावला, आणि ती तशीच उभ्या उभ्या रडली. एवढ्याशा जिवाला जर आपली जागा आठवते, तर इतक्या वर्षांच्या माणसाला का नाही आठवणार?

तिने मिस्त्रींना खाटेवरून उठवलं. त्यांचा हात धरून कपाटाच्या कडेवर ठेवला आणि आपण बाजूला झाली. मिस्त्रींचा हात कडेवरून फिरला. थांबला. अंगठ्याने त्यांनी सांधा चाचपला, वाकून दाराची फट बघितली.

‘छान काम आहे,’ ते म्हणाले. ‘कुणी केलं?’

‘तुम्ही.’

मिस्त्री भिडस्तपणे हसले. ‘छे हो. मला कुठलं येतंय असलं.’

आणि हात मागे घेऊन खाटेवर जाऊन बसले. डॉक्टरांनी लेकीला नंतर सांगितलं की हे असंही होणारच होतं, कपाट हलवल्याने काही होत नाही. लेकीने ते आईला सांगितलं. कात्री हो म्हणाली. तिला ते पटलं नाही, आणि मरेपर्यंत पटणार नव्हतं.

पुढे तिने काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. मशीनचं पान स्वतः थोपटून बघितलं. कफनाचा विनोद करून बघितला. मिस्त्री गंभीर होऊन म्हणाले की कोण गेलं, फार वाईट झालं. शेवटी एका संध्याकाळी, आंघोळ घालताना, तिने मनाचा हिय्या केला. मुद्दाम मागून गेली. बनियन खसकन वर ओढलं, मान अडकली तरी ओढत राहिली, कान दुखावा असं ओढलं. मनात म्हणत होती, मारा. एकदा मारा. घर माझं आहे, तू कोण, म्हणून मारा.

बनियनच्या आतून मिस्त्रींनी दोन्ही हात वर केले.

तिने त्यांचं अंग पुसलं, कोरडे कपडे घातले, केस विंचरले. मिस्त्रींनी तिचा हात हातात घेतला. तोच हात, आणि आता तो त्यांना परकाही वाटत नव्हता आणि आपलाही वाटत नव्हता. ‘बाई, तुमचे फार उपकार आहेत,’ ते म्हणाले. ‘पण आता निघा तुम्ही. घरी वाट बघत असतील.’

कात्रीने मान हलवली. चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. मग ती पार खालच्या पायरीपर्यंत उतरली आणि परत चढू लागली, सावकाश, चपला मुद्दाम वाजवत, बाजारातून येताना वाजायच्या तशा. दारापाशी येऊन जरा थांबली. आतून आवाज येतो का ते ऐकलं. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं.

तिने दार लोटलं. मिस्त्रींनी मान वर केली आणि अदबीने उठून उभे राहिले.

‘या. कोण हवंय आपल्याला?’

‘कुणी नाही,’ ती म्हणाली, आणि चपला काढून आत आली.